माइनक्राफ्टमधली रात्र आणि एका फौजी आजोबांचे धडे



मी महूहून बोलतोय. मध्य प्रदेशातलं महू, इंदूरच्या जवळ. तीसएक वर्षं पायदळात काढली, कर्नल म्हणून निवृत्त झालो, आणि आमच्यासारखे बरेच जण करतात तसं छावणीच्याच गावात घर बांधलं. या मालिकेत बोलायचं आमंत्रण आलं तेव्हा आयोजकांना वाटलं असणार की मी सीमेवरच्या गोष्टी सांगेन. मी विषय कळवला, ‘माइनक्राफ्टमध्ये राक्षसांपासून जीव कसा वाचवावा’. फोनवर पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “सर, नक्की ना?” मी म्हटलं, नक्की. कारण गेल्या दीड-दोन वर्षांत मी याच विषयाचा खरा अभ्यास केला आहे, आणि त्यात एक मोठी चूकही केली आहे. ती शेवटी सांगतो.

आधी पार्श्वभूमी. माझा नातू अकरा वर्षांचा आहे, बंगळुरूला असतो. आमचं फोनवरचं बोलणं कसं असायचं ते तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. “कसा आहेस?” “बरा.” “अभ्यास?” “चालू आहे.” “आजीला देऊ?” “द्या.” संपलं. दीड मिनिट. त्याचं मराठी घरापुरतं, माझं इंग्रजी त्याला सरकारी वाटतं. एकदा सुट्टीत तो इथे आला असताना म्हणाला, “आजोबा, तुम्ही माझ्याबरोबर माइनक्राफ्ट खेळाल का?” मी हो म्हटलं. आता दर रविवारी दोन तास आम्ही कानाला हेडफोन लावून बोलतो, आणि तो पूर्ण वेळ मराठीत बोलतो. कारण घाईच्या वेळी मला दुसरी भाषा सुचत नाही, आणि हे त्याला कळलं आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्वीडनमधल्या मोयांग या कंपनीचा हा खेळ. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण स्वरूपात आला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत याच्या तीस कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. सगळं जग एकेक मीटरच्या चौकोनी ठोकळ्यांचं. डोंगर, झाडं, गाई, सूर्यसुद्धा चौकोनी. लाकूड तोडायचं, दगड खणायचे, घर बांधायचं. सर्व्हायव्हल म्हणून एक प्रकार आहे, त्यात भूक लागते, जखम होते, आणि रात्री राक्षस येतात. आम्ही तो खेळतो.

खेळातला एक दिवस म्हणजे आपली वीस मिनिटं. त्यातली दहा मिनिटं ऊन, साधारण सात मिनिटं रात्र, बाकी संधिकाळ आणि पहाट. पहिल्या दिवशी मी ती दहा मिनिटं फुलं बघण्यात घालवली. अंधार पडला, मागे फुसफुस ऐकू आली, वळून बघितलं तर हिरवं काहीतरी उभं. पुढच्या क्षणाला मी मेलो होतो. पहिल्या आठवड्यात मी सतरा वेळा मेलो. नातवाने वहीत रेघा मारून मोजलं. कर्नल असून सतरा वेळा!

मग मी माझी जुनी सवय बाहेर काढली. एक वही केली. प्रत्येक मरणानंतर तीन ओळी लिहायच्या: कुठे मेलो, कशाने मेलो, त्याआधीच्या एका मिनिटात काय चुकलं. पलटणीत प्रत्येक कारवाईनंतर आम्ही हेच करायचो. सतरा नोंदी झाल्यावर दिसलं की तलवार चालवता न आल्याने मी फक्त दोनदा मेलो होतो. बाकी पंधरा वेळा मी चुकीच्या वेळी चुकीच्या जागी उभा होतो. जो धडा मी तरुण अधिकाऱ्यांना शिकवत आलो तोच मला खेळाने शिकवला. लढाईचा निकाल बहुतेक वेळा लढाईच्या आधीच लागलेला असतो.

तेव्हा पहिला धडा उजेडाचा.

राक्षस अंधारात उत्पन्न होतात. २०२१ च्या अखेरीस आलेल्या १.१८ या आवृत्तीपासून नियम सोपा झाला आहे. नेहमीच्या जगात, जिथे दिव्याचा उजेड शून्य आहे तिथेच राक्षस जन्मतात. थोडासा उजेड असला तरी पुरे. मशालीचा उजेड १४, आणि प्रत्येक ठोकळ्यागणिक तो एकाने कमी होतो. म्हणून घराभोवती दर दहा-बारा ठोकळ्यांवर एक मशाल लावली की तुमच्या अंगणात कोणी उगवत नाही. बाहेरून चालत येतील, पण उगवणार नाहीत. मशालीला लागतं काय? एक कोळसा आणि एक काठी, त्यात चार मशाली होतात. कोळसा सापडला नाही तर भट्टीत लाकडाचा ओंडका भाजा, लोणारी कोळसा मिळतो. माझा नियम असा, की गुहेत मशाली संपल्या की मी संपलो. सोळा उरल्या की परत फिरायचं.

आणि बिछाना. तीन लोकरी, तीन फळ्या. म्हणजे पहिल्याच दिवशी एकाच रंगाच्या तीन मेंढ्या शोधा. झोपलात की रात्र सरते. दोघे खेळत असाल तर दोघांनीही झोपावं लागतं, एकाने झोपून चालत नाही. त्यामुळे दर रविवारी तो बंगळुरूत आणि मी महूत, शेजारशेजारच्या बिछान्यांवर झोपतो आणि म्हणतो, “शुभ रात्री, आजोबा”, “शुभ रात्री, बाळा”. आमची ही हसते, म्हणते, दुपारचे बारा वाजलेत. एक लक्षात ठेवा, तीन दिवसांहून जास्त जागलात तर आकाशातून फँटम नावाचे उडते राक्षस येतात. फौजेतही न झोपलेला माणूस तिसऱ्या दिवशी नको ते बघायला लागतो.

दुसरा धडा शिध्याचा.

पडद्यावर खाली डावीकडे दहा बदाम म्हणजे तुमचा जीव, उजवीकडे दहा तंगड्या म्हणजे तुमचं पोट. नवशिका बदामांकडे बघतो. तंगड्यांकडे बघा. दहापैकी नऊ तंगड्या भरलेल्या असतील तरच जखम आपोआप भरते. तीनवर आलात की धावता येत नाही. म्हणजे उपाशी माणूस बराही होत नाही आणि पळूही शकत नाही. लढाईच्या आधी खा. लढाई चालू असताना खायला बसलात तर समोरचा थांबत नाही.

तिसरा धडा, शत्रूची ओळख. प्रत्येकाची सवय वेगळी, त्यामुळे उपायही वेगळा.

झोंबी संथ असतो, सरळ चालत येतो. एकटा असेल तर घाबरण्यासारखा नाही. पण अवघड पातळीवर तो मार खाल्ला की इतरांना बोलावतो, आणि लाकडी दार फोडू शकतो. त्याला मोकळ्या मैदानात भेटू नका. बोळात किंवा दाराच्या चौकटीत उभे राहा, म्हणजे एका वेळी एकच समोर येईल.

स्केलेटन, म्हणजे सांगाडा, धनुष्य चालवतो. त्याच्याकडे सरळ धावत जाणं ही नवशिक्यांची आवडती आत्महत्या. कोपऱ्याच्या आड व्हा. तुम्ही दिसेनासे झालात की तो शोधत जवळ येतो, आणि कोपऱ्यावर तुम्ही तलवार घेऊन उभेच आहात.

झोंबी आणि सांगाडा दोघेही उन्हात जळतात. तेव्हा पहाटेपर्यंत टिकलात तर अर्धं काम सूर्य करतो. डोक्यावर शिरस्त्राण घातलेला झोंबी मात्र जळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कोळी उजेडात तुमच्या वाट्याला जात नाही, तुम्ही खोडी काढली नाहीत तर. रात्री तो भिंत चढतो. कुंपणाच्या माथ्यावर बाहेर एक ठोकळा पुढे काढला, छज्जासारखा, की त्याला वर येता येत नाही. तो अंगाने रुंद असल्याने एका ठोकळ्याच्या फटीतूनही आत येत नाही.

एंडरमॅन, उंच काळा, तीन ठोकळ्यांचा. त्याच्या डोळ्यांत बघू नका. बघितलंत तर दोन ठोकळे उंचीच्या छपराखाली शिरा, तो तिथे मावत नाही. पाण्याचीही त्याला इजा होते, म्हणून पाण्याची बादली कायम जवळ ठेवा.

आणि क्रीपर. माझा पहिला खुनी. त्याची चाहूल सहज लागत नाही. तीन ठोकळ्यांवर आला की फुसफुसतो आणि दीड सेकंदात फुटतो. अवघड पातळीवर, चिलखत नसताना, जवळून फुटला तर पूर्ण दहा बदाम एका झटक्यात जातात. त्याला दोन उपाय. एक तर त्याच्यापासून सात ठोकळ्यांहून लांब गेलात तर तो विझतो. नाहीतर धावत येऊन एक वार करा, तो मागे ढकलला जातो, तुम्हीही मागे या, फुसफुस थांबली की पुन्हा एक वार. तो मांजराला भितो. आमच्या दारात एक मांजर बसवलेलं होतं, त्याचं नाव आम्ही ‘संत्री’ ठेवलं होतं.

क्रीपर उन्हात जळत नाही, हे मला चौथ्या की पाचव्या मरणात कळलं. सकाळ झाली म्हणून आनंदाने दार उघडलं आणि तो उंबऱ्यावरच उभा. फौजेत एक शिस्त असते, स्टँड-टू. संध्याकाळी आणि पहाटे, उजेड-अंधार बदलण्याच्या वेळी, प्रत्येक जवान आपापल्या मोर्चात हत्यार घेऊन सज्ज उभा राहतो. हल्ला होण्याची तीच वेळ असते. आता खेळातही आमचा स्टँड-टू असतो. सूर्य कलला की तीस सेकंद थांबायचं: शिधा किती, मशाली किती, बिछाना कुठे, दोघे एकत्र आहोत का. पहाटे दार उघडण्यापूर्वी खिडकीतून चारी दिशा बघायच्या. नातू तर आता दारातून “स्टँड-टू!” अशी आरोळीच देतो.

चौथा धडा हत्यारांचा, तो मुद्दाम उशिरा सांगतोय.

पहिल्यांदा लोखंड मिळालं की मुलं तलवार करतात. मी म्हणतो, ढाल करा. सहा फळ्या आणि लोखंडाची एकच वीट लागते. ढाल समोर धरली तर सांगाड्याचा बाण अडतो, आणि क्रीपरचा स्फोटसुद्धा. फक्त ती उचलायला क्षणभर लागतो, म्हणून फुसफुस ऐकल्यावर नाही, आधीच उचला. पूर्ण लोखंडी चिलखताला चोवीस विटा लागतात. ते नंतर होईल.

संगणकावरच्या जावा आवृत्तीत २०१६ पासून एक नियम आहे. वार केल्यावर हात पुन्हा भरायला वेळ लागतो, तलवारीला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. घाबरून पटापट बटण दाबणाऱ्याचे वार पोकळ जातात. एक वार, श्वास, दुसरा वार. उडी मारून खाली येताना वार केला तर दीडपट लागतो. मोबाइलवरच्या आवृत्तीत हा थांबायचा नियम नाही, आणि तिथे ढाल उचलायला खाली वाकावं लागतं. म्हणून नातवंडांना आधी विचारा, आपण कोणतं खेळतोय.

पाचवा धडा माघारीचा. इथे मला जरा सावकाश बोलावं लागेल.

या खेळात वॉर्डन नावाचा एक राक्षस आहे. २०२२ मध्ये आला. जमिनीच्या खूप खोल, डीप डार्क नावाच्या काळोख्या भागात तो असतो. तिथे दुसरा एकही राक्षस उगवत नाही. शांतता असते, आणि तीच धोक्याची खूण. वॉर्डन आंधळा आहे. तो आवाजावर आणि वासावर माग काढतो. तुमचा जीव वीस गुणांचा, त्याचा पाचशे. अवघड पातळीवर त्याचा एक फटका पंचेचाळीस गुणांचा. लोखंडी चिलखत असलं तरी एका फटक्यात माणूस संपतो. हा राक्षस लढण्यासाठी बनवलेलाच नाही, टाळण्यासाठी बनवलेला आहे.

तो येतो कसा? तिथे जमिनीवर सेन्सर असतात, आठ ठोकळ्यांपर्यंतचा आवाज टिपणारे. आवाज टिपला की शेजारचं एक यंत्र किंकाळी फोडतं. तीन किंकाळ्यांपर्यंत इशारा. चौथीला वॉर्डन जमिनीतून वर येतो. वाकून चाललात तर पावलांचा आवाज होत नाही. लोकरीवरून चाललात तरी होत नाही. पण पेटी उघडली तर होतो.

गेल्या वर्षी आम्ही हार्डकोर जग सुरू केलं. हार्डकोरमध्ये एकच जीव. मेलात की मेलात, पुन्हा जन्म नाही. जावयांनी आम्हा दोघांपुरता सर्व्हर लावून दिला होता. चार महिने, दर रविवारी. खेळातले शंभराहून जास्त दिवस झाले होते. नातवाने टेकडीवर दीपगृह बांधलं होतं. दोघांकडे लोखंडी चिलखत होतं. मग एका खाणीतून उतरता उतरता आम्हाला ते खोल, जुनं शहर सापडलं. तिथल्या पेट्यांत मौल्यवान वस्तू असतात.

आम्ही वाकून, लोकर अंथरत आत गेलो. दोन पेट्या उघडल्या. किंकाळ्या मोजण्याचं काम नातवाकडे होतं. तो म्हणाला, “आजोबा, तीन झाल्या. परत जाऊया.”

मी म्हटलं, “ती समोर दिसतेय ती शेवटची. मग जाऊ.”

तो म्हणाला, “नको ना, आजोबा.”

मी पेटी उघडली.

पडदा काळा पडत-उजळत राहिला. जमीन फाटली आणि वॉर्डन वर आला. आता खेळाच्या हिशोबाने योग्य काय होतं? वाकायचं, हलायचं नाही, आणि एखादा बाण लांबच्या भिंतीवर मारायचा, म्हणजे तो त्या आवाजाकडे जातो. मग वाकूनच बाहेर पडायचं. मिनिटभर त्याला काही जाणवलं नाही तर तो पुन्हा जमिनीत जातो. हे सगळं नातवाने मला आधी सांगितलेलं होतं. पण माझ्या तोंडून तीस वर्षांची सवय बोलली. पायदळात पहिल्या दिवसापासून शिकवतात, एकाने गोळीबार करायचा आणि दुसऱ्याने त्याच्या आडोशाने हलायचं. मी ओरडलो, “तू बाण मार त्याच्यावर, मी उजवीकडून निघतो, मग मी मारतो, तू ये!”

त्याने मारला. हुकूम होता ना. पाचशे गुणांच्या राक्षसाला एक बाण, फार तर दहा-अकरा गुणांचा. वॉर्डन सरळ त्याच्याकडे गेला. एक फटका.

मी बाहेर पडलो. मी जिवंत राहिलो.

दोघांच्या हार्डकोरमध्ये जो मरतो तो प्रेक्षक होतो. त्याला उडता येतं, भिंतीतून जाता येतं, पण काही करता येत नाही, आणि दुसऱ्याला तो दिसत नाही. हेडफोनमध्ये त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि पडद्यावर मी एकटा. मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, “जाऊ दे रे, खेळच तर आहे. नवीन जग करू.” तो “हं” म्हणाला आणि गेला.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. अभ्यास आहे म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात मुलीचा फोन आला. “बाबा, खेळ गेल्याचं त्याला एवढं नाही वाटलं. तो सांगत होता तरी तुम्ही ऐकलं नाही, आणि वर म्हणालात खेळच आहे. तुमच्यासाठी असेल.”

त्या रात्री मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. मी कॅप्टन होतो, उत्तर सिक्कीममध्ये. हिवाळ्यातली गस्त. ठरलेल्या ठिकाणापासून आम्ही तासाभराच्या अंतरावर होतो. आमच्या मराठा पलटणीतले वयाने मोठे सुभेदार साहेब जवळ आले आणि हळूच म्हणाले, “साहेब, हवा फिरतीय. परतू या.” मला राग आला. आकाश निळं होतं. मला तिथवर जाऊन यायचंच होतं, अहवालात तसं लिहायचं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि फिरलो. संध्याकाळी चौकीवर पोचता पोचता वादळ आलं. पुढचे दोन दिवस दार उघडता आलं नाही. सगळे जण आत होते, स्टोव्हवर खिचडी शिजत होती. सुभेदार साहेब त्यावर पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हा मी कॅप्टन होतो आणि ऐकलं. आता निवृत्त कर्नल होतो, समोर अकरा वर्षांचा मुलगा होता, म्हणून ऐकलं नाही. तो माझ्यापेक्षा त्या जमिनीचा जास्त माहितगार होता. किंकाळ्या तोच मोजत होता. ज्याला भूभाग माहीत आहे त्याचं ऐकायचं असतं, त्याच्या खांद्यावर काय लावलंय ते बघायचं नसतं. हे मी किती वर्ग घेऊन शिकवलं असेल.

मी वही काढली आणि तीन ओळी लिहिल्या. कुठे: जुनं शहर. कशाने: वॉर्डन. काय चुकलं: माघारीचा इशारा मिळाला होता, मी मानला नाही, आणि चुकीचा हुकूम दिला. पानाचा फोटो काढून त्याला पाठवला. मग फोन केला. म्हटलं, “बाळा, चूक माझी होती. तू बरोबर सांगत होतास. माफ कर.” माझ्या मुलीलाही मी असं कधी म्हटलं नव्हतं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, तुम्ही नोंदीत तारीख नाही लिहिली.”

पुढच्या रविवारी आम्ही नवीन जग सुरू केलं. पुन्हा हार्डकोर, त्याच्याच आग्रहाने. मी सोपी पातळी सुचवली होती, ती त्याने फेटाळली. पहिल्या दिवशी लाकूड, तीन मेंढ्या, कोळसा. एक नियम त्याने घातला आणि मी सही केल्यासारखा मान्य केला. दोघांपैकी कोणीही “परत” म्हटलं की परत. का, कशाला, अजून एक पेटी, काही नाही. आधी परत, मग चर्चा. आत्तापर्यंत तो शब्द नऊ वेळा वापरला गेलाय. सहा वेळा त्याने, तीन वेळा मी. त्यातल्या निदान पाच वेळा काही धोका नव्हता, हे नंतर कळलं. चालतं. दोघे जिवंत आहोत.

तुमच्यापैकी जे आजी-आजोबा आहेत, ज्यांची नातवंडं पुण्यात, हैदराबादेत, दिल्लीत, कुठेकुठे आहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं. खेळा. बोटं चुकतील, मराल, मुलं हसतील, हसू द्या. अनोळखी लोकांच्या सर्व्हरवर जाऊ नका, घरातल्यांपुरतं बंद जग लावून घ्या, ते मुलांच्या आई-वडिलांना जमतं. वेळ ठरवून घ्या, आमचे दोन तास म्हणजे दोन तास. पहिल्या रात्रीसाठी बिछाना, मशाली आणि थोडं मांस एवढं जमवा. काहीच नसेल तर तीन ठोकळे खाली खणा, डोक्यावर एक ठोकळा ठेवा आणि सकाळची वाट बघा. त्यात कसली लाज नाही, आम्हीही बर्फात असंच केलंय. आणि नातवंड “परत जाऊया” म्हणालं, तर पेटी समोर असली तरी परत फिरा.

उद्या रविवार आहे. लोखंडाची आमची अठरावी वीट झाली आहे, चोवीस लागतात. ढाली मात्र दोघांकडेही आहेत.